तळ्याच्या कानावर

धामणसर,
ता. २१ ऑक्टोबर १९३४

ती. कुसाआत्यास,
मैनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गाव आधीचे की तळे आधीचे? इथे आल्यावर पहिल्याच दिवशी मला हा प्रश्न विचारला गेला, आणि इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या तुझ्या भाचीला त्याचे उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

विचारणारे होते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष रावसाहेब. मुलींच्या शाळेवर हजर व्हायला गेले तेव्हा ते तिथेच बसले होते. पुढल्या साली म्युनिसिपालिटीला पन्नास वर्षे पुरी होतात, त्यानिमित्त शहराच्या माहितीचे पुस्तक छापायचे आहे: तळे, बांध, पेठा, कोणते लोक कधी आले आणि काय करतात, असे सगळे. रावसाहेब म्हणाले, धामणसरात शहाणे पुष्कळ आहेत, ग्रॅज्युएट मात्र आजपासून एकच. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले. हसू नकोस.

शहर म्हणजे आपल्या नाशकापुढे एक आळीच. एक पेठ, एक दवाखाना, आणि तीन बाजूंनी घरे टेकलेले मोठे तळे. चौथ्या बाजूला दगडी बांध. बांधाच्या एका टोकाला मोमिनांचे माग खटखटत असतात, दुसऱ्या टोकाला भोयांच्या झोपड्या. पाण्यावर शिंगाड्याचे वेल इतके दाट पसरलेले, की वाटते चालत पलीकडे जावे.

सिन्नरहून नजीर टांगेवाल्याने आणले. वाटेत आमराईपाशी रस्ता माणसांनी भरलेला. डोक्यावर मडकी, गोधड्या, बाजा, कोंबड्यांची खुराडी, पुढे डफ वाजतोय. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. मी टांगा थांबवून एका म्हातारीला विचारले, कुठून आलात. ती म्हणाली, पाहुणे हाय बाई, तळ्यावर चाललोय. नजीर मिशीत हसत होता. म्हणाला, हे दर दसऱ्याला असेच येतात बाई, आपण कडेने काढू. पुस्तकाचे ठरण्याआधीच मला पुस्तकाची पहिली नोंद मिळाली होती बघ.

नानांना सांग, त्यांनी घडवलेले घंगाळ पोचा न पडता पोचले. शिपाई विचारत होता, एवढा तांब्याचा लखलखाट कशाला. मी म्हटले, तांबटाची लेक आहे.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढ्या लांब राहवते.

तुझी,
मैना


तांबट आळी, नाशिक,
ता. १० नोव्हेंबर १९३४

चि. मैनास,
कुसाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. तुझे नाना वाचून दाखवायला आले होते, म्हटलं, दादा, सर बाजूला, पोरीने मला अक्षरं कशाला शिकवली मग? दोन ठिकाणी अडले, पण विचारलं नाही.

तुझा प्रश्न आळीत सगळ्यांना घालून पाहिला. सरूबाई म्हणाली, आधी तळं, नाहीतर माणसं प्यायली काय. तिचा नवरा म्हणाला, आधी माणसं, नाहीतर तळं खणलं कोणी. दोघांची जुंपली, ती दुपारपर्यंत. तुझे नाना ठोकणं थांबवून म्हणाले, भांडं आधी की ठोका आधी, असं कोणी विचारतं का? ठोका बसेपर्यंत तो नुसता पत्रा असतो. मला काही समजलं नाही. तू ग्रॅज्युएट आहेस, तुला समजेल.

काल भाऊबीज झाली. मी नेहमीसारखी मागल्या दाराने सरूबाईकडे गेले आणि पुढल्या दाराने आले. दादाने पायावर पाणी घातलं. तू नव्हतीस, म्हणून गाठोडं माझं मलाच धरावं लागलं. लहानपणी तुला ते पेलायचं नाही, तरी फरफटत आणायचीस, आठवतं?

पाणी उकळून पी. तळं कितीही जुनं असलं तरी उकळून पी.

दादाचा आशीर्वाद आहेच. मायेत खंड नसावा.

तुझी,
कुसाआत्या


धामणसर,
ता. १७ फेब्रुवारी १९३५

ती. आत्यास,
मैनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

शाळा सुटली की मी घरोघर फिरते. लोक आधी भितात, त्यांना वाटते घरपट्टी वाढणार. मग पुस्तक छापायचे आहे म्हटले की बाज टाकतात, चहा येतो, आणि पणज्यापासून सुरुवात होते.

मारवाडी म्हणतात, तळ्याला पहिली मदत आमची. माळी म्हणतात, पहिला पाट आम्ही काढला. मोमिनपुऱ्यात गुलजारबी म्हणून विधवा बाई आहे, मागावरच बसून बोलते. ती म्हणाली, आमचे दादा-परदादा आले तेव्हा इथे नुसती बाभळ होती. ज्याला विचारावे त्याचा पूर्वज खोदाईला हजर. एवढी माणसे खरोखर उभी राहिली असती, तर पाण्याला जागाच उरली नसती.

खरे बोलले ते फक्त भोई. मी मुद्दाम त्यांच्या पायऱ्यांवर गेले. टांग्यातून दिसलेली ती म्हातारी भेटली. ठकूबाई तिचे नाव. तिचा मुलगा भिका मासेमारीच्या डोणीला डांबर लावत होता. आम्ही अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलो. मी विचारले, इथे किती पिढ्या झाल्या. ती म्हणाली, आम्ही पाहुणे. मी म्हटले, आणि तुमचे वाडवडील? तेबी पाहुणे. हे तळे कोणाचे? तळ्याचं. मग तिने पाण्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले आणि माझ्या ओंजळीत उकडलेले शिंगाडे घातले. भिका मान वर न करता डांबर लावत राहिला.

मला गहिवरून आले, आत्या. साऱ्या गावात खोटा मोठेपणा न सांगणारे एवढेच लोक. मी घरी येऊन लिहिले: भोई लोक येथील कायमचे रहिवासी नसून दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरून येतात व शिंगाड्याच्या हंगामासाठी वस्ती करतात. ते प्रामाणिक व कष्टाळू आहेत. शेवटचे वाक्य रावसाहेबांनी काढू नये म्हणून मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी ते ठेवले. पहिल्या वाक्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? नानांना भट्टीजवळ फार बसू देऊ नकोस. आठवण काढत जा, मीही काढते.

तुझी,
मैना


तांबट आळी, नाशिक,
ता. ९ जून १९३५

चि. मैना हीस,
सावळीरामाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पुस्तक टपालाने आले. पहिल्या पानावर तुझे नाव व पुढे बी. ए. छापले आहे. मी ते आळीच्या चौकात सर्वांसमोर वाचून दाखविले. त्या वेळेपुरता सर्वांनी हातोडा खाली ठेवला. आपल्या आळीत सणाखेरीज असे कधी झालेले नाही.

तुझी आई आज पाहिजे होती. अधिक लिहीत नाही. पुस्तक देवाजवळ ठेवले आहे. कुसा म्हणते, देव वाचणार आहेत का, खाली ठेव, मला वाचू दे.

प्रकृतीस जपावे. आमचा जीव तुझ्यात आहे, हे असू द्यावे.

तुझा,
नाना


धामणसर,
ता. ११ ऑगस्ट १९३५

ती. आत्यास,
मैनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इथे एक गोष्ट घडली आहे. मी चुकले की नाही ते मला कळत नाही, म्हणून तुला विचारते.

गेल्या आठवड्यात म्युनिसिपालिटीने ठराव केला: तळ्यातले शिंगाडे आणि मासे यंदापासून लिलावाने द्यायचे, आणि बांधाजवळची जागा मोकळी करून तिथे सुवर्णमहोत्सवाची बाग करायची. भोयांचे काय, असे कोणी विचारले. तेव्हा रावसाहेबांनी माझे पुस्तक उघडून ते वाक्य वाचले. म्हणाले, हे परके लोक आहेत, हंगामापुरते येतात, आमच्या विदुषी बाईंनीच शोधून काढले आहे. सभेने टाळ्या वाजवल्या म्हणे. लिलाव सिन्नरच्या एका ठेकेदाराने घेतला.

काल भिका भोई शाळेच्या फाटकाशी आला. आत ये म्हटले तर आला नाही. एवढेच म्हणाला, बाई, तुमी लिवलंय म्हणं. मी म्हटले, अरे, तुम्हीच तर सांगितलेत, पाहुणे आहोत म्हणून. तो म्हणाला, व्हय, सांगितलं. आणि गेला.

आत्या, मी माझ्या डोळ्यांनी त्यांना सामानसुमान घेऊन येताना पाहिले. माझ्या कानांनी ऐकले. उन्हाळ्यात त्यांच्या झोपड्या ओस पडलेल्या पाहून माझे मत आणखी पक्के झाले. आता कळते की पाणी आटले की बहुतेक कुटुंबे तेवढ्यापुरती गोदावरीकडे मासे धरायला जातात. पण पाहुणे हा शब्द तर त्यांचाच ना? ज्याचे घर असते तो स्वतःला पाहुणा का म्हणेल?

मन लागत नाही. लवकर लिही. तुझ्या अक्षरानेसुद्धा बरे वाटते.

तुझी,
मैना


तांबट आळी, नाशिक,
ता. १८ ऑगस्ट १९३५

चि. मैनास,
आशीर्वाद.

आज चेष्टा करत नाही. तू विचारलंस, घर असलेला माणूस स्वतःला पाहुणा का म्हणेल. मैना, तू ते गाठोडं कितीदा आणलंस गं?

माझं लग्न झालं तेव्हा मला परकर नीट नेसता येत नव्हता. नवरा गेला, सासरच्यांनी परत आणून सोडलं. तेव्हापासून मी इथेच. पहिल्या भाऊबीजेला मी चुलीपाशी बसून रडत होते. आळीतल्या बायका म्हणत होत्या, हिने आता ओवाळू नये. दादा आत आला. म्हणाला, रडायला काय झालं? मी म्हटलं, सगळ्यांच्या बहिणी माहेरी आल्या, मी कुठून येऊ? जिला सासर नाही तिला माहेर उरत नाही, नुसतं घर उरतं. दादा उठला. मग माझं लुगडं गाठोड्यात बांधलं आणि म्हणाला, मागल्या दाराने जा, पुढल्या दाराने ये. मी आले. त्याने पायावर पाणी घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, माझी बहीण आली.

तेव्हापासून दर साल. म्हणजे मी दर साल बाहेरून येते. उद्या तुझ्यासारखी कोणी शिकलेली बाई टांग्यातून जाताना मला पाहील आणि लिहील की कुसा या घरची नव्हे, दिवाळीला येते. तेही डोळ्यांनी पाहिलेलंच असेल. आणि मला विचारलं तर दादाच्या उंबऱ्यावर उभी राहून मी घर माझं आहे असं म्हणेन का? जीभ झडेल. मीही पाहुणीच म्हणेन.

तुझी म्हातारी पाण्याकडे बघून ओठावर बोट ठेवते, असं तूच लिहिलंस. तिला पाण्यापासून लांब ने आणि मग विचार.

तुझ्यावर राग नाही. मायेने लिहिलंय, तसंच वाच.

तुझी,
कुसाआत्या


धामणसर,
ता. १५ सप्टेंबर १९३५

ती. आत्यास,
मैनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र घेऊन मी गुलजारबीकडे गेले. तिने ठकूबाईला बोलावून घेतले आणि आम्हांला मागच्या खोलीत, मागाच्या खटखटाटात बसवले. तळ्याकडे पाठ, दार लावलेले. तेव्हा ठकूबाई बोलली, तीही माझ्या कानाला लागून. म्हणाली, आधी आम्ही. मग बांध. मग तळं. मग तुमचं गाव. तिच्या पूर्वजांनी ओढ्याच्या काठी मासे धरले, मग बांधाची माती वाहिली, मग ओढ्याचे तळे झालेले पाहिले. पण हे पाण्याच्या काठी बोलायचे नाही. तळ्याच्या कानावर गेले की आमचं म्हणणाऱ्याला ते घेऊन जाते. म्हणून वर्षातून एकदा, शिंगाड्याला हात लावायच्या आधी, सगळे बिऱ्हाड उचलून एका रात्रीसाठी आमराईत जायचे आणि सकाळी पाहुणे म्हणून परत येऊन जागा मागायची. बांधावर मोमिनांची थोरली बाई त्यांच्या पायांवर तळ्याचे पाणी घालते. हल्ली ते गुलजारबी करते. तळ्याच्या वतीने.

मी गुलजारबीला विचारले, तू मला फेब्रुवारीत हे का सांगितले नाहीस. ती म्हणाली, बेटी, तू आमच्या परदादांचं विचारलंस, मी परदादांचं सांगितलं. यांचं तू विचारलंच कुठे?

दुसऱ्या दिवशी मी रावसाहेबांकडे गेले. चूक माझी आहे, दुरुस्तीचे पत्रक छापा, म्हटले. ते रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, छापलेले पुस्तक म्हणजे काही पाटीवरची बेरीज नव्हे. लिलाव झाला आहे. आणि म्हणाले, तुम्ही दसऱ्याचा दुसरा दिवस लिहिला आहे, तो तरी बरोबर आहे ना?

आत्या, मला तेव्हाच समजले. ज्या रात्री झोपड्या रिकाम्या असतील त्याच रात्री हे कुंपण घालणार. उठवायला नको, भांडायला नको. आणि रात्र कोणती ते मीच छापून दिले आहे.

मी धावत ठकूबाईकडे गेले, तिला गुलजारबीच्या खोलीत नेले, हात जोडले, यंदा बाहेर पडू नका म्हटले. ती म्हणाली, यंदा नाय गेलो तर मालक झालो की. तिचा थोरला मुलगा पुंजा एका बाजारच्या दिवशी दारू पिऊन बांधावर उभा राहिला आणि हे माझ्या बापाचं तळं असे ओरडला. त्याच पावसात तो बुडाला. ज्याला पोहताना मासे बघायचे, असा पुंजा. ती म्हणाली, बाई, माणसांनी काढलं तर पुन्हा मागता येतं. तळ्यानं काढलं तर कुनाला मागू? भिकाला माझे पटत होते. पण आईपुढे तो बोलला नाही.

मी बी. ए.ला जे शिकले त्यात याचे उत्तर नाही. मला मनातून धीर दे.

तुझी,
मैना


धामणसर,
ता. ११ ऑक्टोबर १९३५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

झाले.

दसऱ्याच्या दिवशी उन्हे कलल्यावर भोईवाडा रिकामा झाला. मी शाळेच्या फाटकात उभी होते. मडकी, गोधड्या, बाजा, खुराडी. ठकूबाईने मला पाहिले आणि हसून म्हणाली, बाई, उद्या या शिंगाडे खायाला. तिला माहीत होते, आत्या. माहीत असूनही ती नेहमीसारखेच म्हणाली.

सकाळी डफ वाजत आला. बांधाच्या तोंडाशी तारेचे कुंपण होते, ठेकेदाराची माणसे काठ्या घेऊन उभी होती, आणि पाच-सहा झोपड्यांची छपरे उतरवलेली दिसत होती. डफ थांबला. कुंपणाच्या आत गुलजारबी मडके घेऊन उभी होती. तिला कोणी अडवले नव्हते, कारण ती बांधाच्या त्या टोकाला राहते. ठकूबाई तारेपाशी गेली आणि दर वर्षीचे म्हणायचे ते म्हणाली, पाहुणे आलोय, उतराया जागा द्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पाहुण्यांनी आपल्या घरी जावं. त्यावर त्यांच्यातले दोघे-तिघे हसले.

भिकाने काठी उचलली. आईने त्याचे मनगट धरले. गुलजारबीने तारेतून हात घालून पाणी घालायचा प्रयत्न केला. पाणी जमिनीवरच पडले, कोणाच्या पायापर्यंत पोचले नाही. मग ते सगळे जसे आले तसे मागे वळून आमराईत गेले. कोणी रडले नाही. कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

त्या संध्याकाळी महोत्सवाची सभा होती. मला शाल द्यायची होती. मी गेले नाही. शिपायाने ती शाळेत आणून दिली. ती अजून कागदातच आहे.

ठकूबाई म्हणते, जागा मागितलीय, बोलावणं येईपर्यंत थांबायचं; पाहुण्यानं एका घरी मागून दुसऱ्या घरी जायचं नसतं. काही तरुण बायकामुले घेऊन गोदावरीकडे गेले. बाकीचे झाडाखाली आहेत. थंडी पडू लागली आहे.

मी भाऊबीजेला येणार नाही. नानांना काय सांगायचे ते तू ठरव.

मैना


तांबट आळी, नाशिक,
ता. २९ ऑक्टोबर १९३५

चि. मैनास,
कुसाआत्याचे आशीर्वाद.

दादाला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. देवाजवळचं पुस्तक त्याने उचललं, ते पान काढून बराच वेळ बघत बसला. वाचत नव्हता. मग परत देवाजवळ ठेवलं. मी म्हटलं, अजून तिथेच? म्हणाला, चुकलेलं भांडं कोणी रस्त्यावर फेकत नाही, परत भट्टीत घालतो. पण या दुःखात नोकरी सोडू नकोस असं त्याने निक्षून लिहायला सांगितलंय. आळीतली पहिली शिकलेली पोर, तिचं नाव शाळेच्या पटावरून उतरू नये, असं त्याला फार वाटतं. मी माझं काही सांगत नाही.

आता माझं ऐक. काल भाऊबीज. गाठोडं बांधलं, मागल्या दारापर्यंत गेले, आणि पाय उचलेना. सरूबाई कुंपणातून हाका मारत होती, येतेस ना गं. मला एकच दिसत होतं, मी बाहेर पडले आणि दार लागलं. दादा असं करेल का? या जन्मात नाही. मला ठाऊक आहे. तरी पाय उचलेना. आत येऊन बसले. दादाने विचारलं, तर म्हटलं, गुडघा दुखतोय, यंदा राहू दे.

 तो उठला, माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि स्वतःच मागल्या दाराने गेला. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, गाठोडं बगलेत धरून सरूबाईच्या अंगणातून वळसा घालून पुढल्या दारात येऊन उभा राहिला. आळी बघत होती. म्हणाला, कुसाबाई, पाहुणा आलोय, घरात घेणार का? मी पाणी घेऊन गेले. अर्धं पायावर पडलं, अर्धं उंबऱ्यावर.

हे तुला लिहावं की नाही, कळत नव्हतं. लिहिलं.

ठकूबाईला माझं लुगडं पाठवतेय, जाड आहे, उबेला बरं. आम्हां दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी,
कुसाआत्या


आमराई, सिन्नर रस्ता, धामणसर,
ता. २४ नोव्हेंबर १९३५

ती. नाना व ती. आत्यास,
मैनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र दोघांना आहे. आत्या, तू मोठ्याने वाच, आणि अडलीस तर नानांना विचार.

तुझे लुगडे पोचले. ठकूबाईने ते नेसले नाही, अंगावर पांघरून ठेवले. म्हणाली, नाशकाची पाव्हणी आली. थंडीने तिला ताप भरला होता, तो उतरतच नव्हता. आमराईतून तळे दिसत नाही, सकाळी फांद्यांमधून नुसती चकाकी दिसते. ती त्या बाजूला तोंड करून पडलेली असे. गुलजारबी रोज मडकेभर तळ्याचे पाणी आणायची. शेवटच्या दिवशी तिने ते ठकूबाईच्या पायांवर घातले. ठकूबाईने पाय आखडून घेतले. म्हणाली, बांधावर घाल, हितं नगं. त्या रात्रीच ती गेली. भिकाने तिला ओढ्याच्या काठी नेले, तळ्यावर नेले नाही. बोलावल्याशिवाय जायचे नाही, असे तिने बजावले होते.

मी तिची कोण, आत्या? मी तिच्या हातचे शिंगाडे खाल्ले आणि तिचे घर एका ओळीत मोडले. ती मला कधी एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

भिकाने प्रांतसाहेबांकडे अर्ज केला आहे. सुनावणी पुढल्या महिन्यात आहे. म्युनिसिपालिटीचा पुरावा म्हणजे माझे पुस्तक, आणि दुसरे हे, की परके लोक होते, निघून गेले. म्हणून सुनावणीपर्यंत उरलेल्यांनी इथून हलता कामा नये. लोक खचले आहेत. ठकूबाई होती तोवर थांबायचे कशासाठी, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. आता रोज सकाळी कोणीतरी मडकी बांधू लागते.

मी प्रांतसाहेबांपुढे शपथेवर लिहून दिले आहे की त्या पानावरचे वाक्य खोटे आहे, ते मी लिहिले, आणि कोणत्या जागी बसून विचारल्यामुळे ते खोटे झाले. रावसाहेबांनी बोलावून विचारले, म्युनिसिपालिटीचा पगार घेऊन म्युनिसिपालिटीचे पुस्तक खोटे ठरवता? मी म्हटले, आता घेणार नाही.

नाना, तुम्ही निक्षून सांगितले होते. तुमचा शब्द मी मोडला. आळीत तुम्हांला काय ऐकावे लागेल ते मला माहीत आहे. पण तुम्ही गाठोडे बगलेत धरून आळीला वळसा घातलात, ते मी वाचले आहे. त्यानंतर मला दुसरे काही सुचले नाही.

शाल परत दिली. घंगाळ बरोबर आणले आहे. त्यात आता सगळ्यांचे पाणी तापते, आणि शाळेत नव्हता इतका त्याचा इथे उपयोग आहे. सकाळी मुले माझ्याभोवती बसतात. त्यांना मी अक्षरे शिकवते आणि ती मला कोणत्या झाडाखाली काय बोलायचे नाही ते शिकवतात. अर्जाचा निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. वकील म्हणतात, फार आशा धरू नका.

तुम्ही दोघे मला घरात घ्याल, हे मी धरूनच चालले आहे. तेवढी माया राहू द्यावी. भेटायला आलात तर सिन्नरला नजीरला सांगा, आमराईतल्या पाहुण्यांकडे जायचे आहे. गेल्या सोमवारी सकाळी शाळेतल्या माझ्या खोलीची किल्ली मी शिपायाच्या हातात दिली, कपडे गाठोड्यात बांधले आणि मागल्या दाराने निघून इथे राहायला आले.

तुमची,
मैना